कोळशानंतरच्या विजेचे नियोजन : शहापूर-मुरबाडच्या संदर्भात

ठाणे जिल्ह्याच्या पूर्व भागात, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले शहापूर व मुरबाड हे तालुके राज्यात प्रामुख्याने पाण्यासाठी ओळखले जातात. १८९२ साली पूर्ण झालेला तानसा तलाव, त्यानंतरचे मोडकसागर आणि भातसा हे शहापूर तालुक्यातील व त्याच्या सीमेवरील जलाशय मुंबई महानगराची तहान भागवीत आहेत. विजेच्या दृष्टीने मात्र या परिसराचा विचार आजवर केवळ एक ग्राहक म्हणून, तोही फार मोठा नसलेला ग्राहक म्हणून होत आला. येत्या वीस-पंचवीस वर्षांत ही स्थिती पालटण्याची चिन्हे आहेत. कोळशावरील वीजनिर्मिती टप्प्याटप्प्याने कमी करून तिची जागा सूर्य, वारा व पाणी यांच्यापासून मिळणाऱ्या विजेने घ्यावयाची, तर त्या बदलातील एक महत्त्वाचे कार्य याच डोंगरकड्यांवर व पायथ्याशी होणार आहे. ते कोणते, त्यासाठी नियोजन कसे करावे लागते आणि त्यात ग्रामपंचायतींचा व ग्रामसभांचा वाटा काय, हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

कोळशावरील अवलंबन

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना १९६० साली झाली. त्यानंतरच्या चार दशकांत राज्याच्या वीजपुरवठ्याचा भार मुख्यतः विदर्भ, खानदेश व मराठवाडा येथील औष्णिक केंद्रांनी उचलला. कोराडी, चंद्रपूर, भुसावळ, परळी, पारस व नाशिक या केंद्रांची नावे शालेय पुस्तकांतूनही परिचित झाली. २००३ च्या विद्युत कायद्यानुसार ६ जून २००५ रोजी मंडळाचे विभाजन होऊन निर्मितीचे काम महानिर्मितीकडे, पारेषणाचे महापारेषणकडे आणि वितरणाचे महावितरणकडे आले. परंतु विजेचा मूळ स्रोत तोच राहिला. देशात आजही निर्माण होणाऱ्या एकूण विजेपैकी सुमारे सत्तर टक्क्यांहून अधिक वीज कोळशापासून मिळते.

शहापूर-मुरबाडच्या शेजारी, भिवंडी तालुक्यातील पडघे येथे या व्यवस्थेची एक ठळक खूण आहे. चंद्रपूर येथील वीज मुंबई परिसरापर्यंत आणण्यासाठी सुमारे ७५० किलोमीटर लांबीची, ५०० किलोव्होल्ट दाबाची व १,५०० मेगावॅट क्षमतेची एकदिश विद्युतवाहिनी १९९९ च्या सुमारास पडघ्यापर्यंत उभारण्यात आली. विदर्भातील खाणीजवळ कोळसा जाळावयाचा आणि वीज तारांवाटे कोकणात आणावयाची, अशी ही योजना होय. १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघे दरम्यानच्या वाहिन्या बंद पडल्यानंतर मुंबई-ठाणे परिसराचा वीजपुरवठा काही तास खंडित झाला. लांबून येणाऱ्या विजेवर मोठी वस्ती अवलंबून असली, की तारांची सुरक्षितता ही निर्मितीइतकीच महत्त्वाची ठरते, हा धडा त्या दिवसाने दिला.

कोळशाच्या विजेचे गुण नाकारण्याचे कारण नाही. ती दिवसा वा रात्री, उन्हाळ्यात वा पावसाळ्यात, मागणीप्रमाणे निर्माण करता येते. परंतु तिची किंमतही मोठी आहे. एक युनिट विजेसाठी आपल्याकडील कोळसा सुमारे पाऊण किलो जाळावा लागतो. त्यातून जवळजवळ एक किलो कर्बवायू हवेत जातो आणि जळलेल्या कोळशाचा तिसरा हिस्सा, किंवा त्याहून अधिक, राख म्हणून मागे उरतो. ही राख, सल्फरयुक्त वायू आणि संचांना थंड ठेवण्यासाठी लागणारे पाणी यांचा भार केंद्राभोवतालच्या गावांना सोसावा लागतो.

अविभाजित ठाणे जिल्ह्याला याचा अनुभव आहे. डहाणू येथील ५०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र १९९५ च्या सुमारास सुरू झाले. वीज मुंबईच्या उपनगरांसाठी होती. चिकूच्या बागा, मासेमारी व आदिवासी पाडे यांचा परिसर मात्र डहाणूचा होता. १९९१ साली हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित झाला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमण्यात आले. धुरातील गंधकवायू वेगळा करणारी यंत्रणा बसविण्याचा आदेश या प्राधिकरणाने १९९९ मध्ये दिला. ती प्रत्यक्षात २००७ मध्ये कार्यान्वित झाली. प्रकल्पाच्या अटी आधी ठरल्या नाहीत, तर त्या नंतर अमलात आणण्यास किती काळ लागतो, हे या उदाहरणावरून दिसून येते.

धोरण व कालमर्यादा

ब्रिटनमध्ये सार्वजनिक वापरासाठी कोळशावर वीज निर्माण करणारे पहिले केंद्र १८८२ साली लंडनमध्ये सुरू झाले. त्याच देशातील शेवटचे कोळसा केंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद करण्यात आले. जर्मनीने २०२० साली कायदा करून कोळशाची वीज उशिरात उशिरा २०३८ पर्यंत थांबविण्याचे ठरविले आणि खाणप्रदेशांतील कामगारांसाठी व उद्योगांसाठी मोठ्या निधीची तरतूद केली.

भारताची स्थिती वेगळी आहे. येथे मागणी अद्याप वाढत आहे आणि दरडोई वीजवापर प्रगत देशांच्या मानाने अल्प आहे. २०२१ च्या ग्लासगो परिषदेत भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले. तथापि कोळसा एकदम बंद करण्याऐवजी त्याचा वापर क्रमाक्रमाने कमी करण्याची भूमिका घेतली. २०२५ च्या मध्यास देशाच्या स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, वायू व तेल यांव्यतिरिक्त अन्य स्रोतांची झाली. येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. स्थापित क्षमता निम्मी झाली म्हणजे वीज निम्मी झाली असे नव्हे. कारण सौर संच रात्री स्वस्थ असतो आणि कोळशाचा संच चालू असतो.

महाराष्ट्रातही दोन्ही प्रवाह एकाच वेळी दिसतात. कोराडी, परळी व भुसावळ येथील जुने, लहान आणि अधिक कोळसा खाणारे संच निवृत्त करण्यात आले. त्याच वेळी कोराडी व भुसावळ येथे ६६० मेगावॅटचे नवे संच उभे राहिले. मागणीची वाढ पाहता २०३० पूर्वी औष्णिक संच निवृत्त करू नयेत, असे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०२३ मध्ये सुचविले. म्हणजे कोळसा आज जाणार नाही. परंतु आज उभारलेला संच तीस-चाळीस वर्षे चालावयाचा असल्याने, तो केव्हा व कशाच्या जोरावर थांबविता येईल याचा विचार आजच करावा लागतो. दीर्घकालीन नियोजन म्हणतात ते यालाच.

नियोजनाचे गणित

केंद्र शासनाने जून २०२३ मध्ये वीजपुरवठ्याच्या पर्याप्ततेविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. पुढील दहा वर्षांत मागणी किती व कोणत्या वेळी असेल याचा अंदाज बांधून ती भागविण्यास लागणारी साधने प्रत्येक वितरण कंपनीने आधीच निश्चित करावी आणि दरवर्षी हा आराखडा सुधारावा, असा त्यांचा आशय आहे. पूर्वी वर्षाला किती युनिटे लागतील हा प्रश्न मुख्य होता. आता वर्षातील प्रत्येक तासाला ती कोठून मिळतील, हा प्रश्न मुख्य झाला आहे.

हा फरक एका घराच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. तीन किलोवॅटचा सौर संच छतावर बसविला, तर वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे बारा युनिटे वीज मिळते. साधारण कुटुंबाची गरज त्याहून कमी असते. हिशेब वर्षाचा केला तर घर स्वयंपूर्ण दिसते. परंतु ही वीज सकाळी आठ ते सायंकाळी पाच या काळात मिळते. घरातील दिवे, पंखे व दूरचित्रवाणी संच मुख्यतः सूर्यास्तानंतर लागतात. शिवाय कोकणातील जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत तीच निर्मिती निम्म्याहूनही खाली जाते. घराला जे लागू आहे तेच राज्याला लागू आहे. कोळसा कमी करावयाचा, तर सायंकाळ, पावसाळा आणि वाहिनी या तीन अडचणींची उत्तरे शोधावी लागतात.

सायंकाळचा प्रश्न आणि घाटघर

पहिल्या अडचणीचे उत्तर शहापूर तालुक्याच्या सीमेवर २००८ पासून कार्यरत आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात घाटघर येथे वरचे धरण आणि कड्याखाली शहापूर तालुक्यातील चोंढे येथे खालचे धरण, अशी घाटघर उदंचन जलविद्युत प्रकल्पाची रचना आहे. राज्याच्या जलसंपदा विभागाने जपानच्या अर्थसाहाय्याने तो उभारला. रोलरने दाबलेल्या काँक्रीटचे धरण बांधण्याचे तंत्र भारतात प्रथम येथेच वापरण्यात आले. भूमिगत विद्युतगृहात प्रत्येकी १२५ मेगावॅटचे दोन संच आहेत.

या प्रकल्पाचे कार्य समजण्यास सोपे आहे. विजेची मागणी कमी असते तेव्हा हेच संच पंप म्हणून चालवून खालच्या जलाशयातील पाणी वर चढविले जाते. मागणी शिगेला पोहोचते तेव्हा तेच पाणी खाली सोडून वीज निर्माण केली जाते. दोन जलाशयांमध्ये उंचीचा फरक सुमारे ४०० मीटर आहे. एक हजार लिटर पाणी एवढ्या उंचीवरून संचात सोडले, की सुमारे एक युनिट वीज मिळते. धरणाच्या पायथ्याशी पन्नास-साठ मीटर उंचीच्या पाण्यापासून तेवढीच वीज मिळविण्यास सहा-सात हजार लिटर पाणी लागेल. भातसा धरणाच्या पायथ्याचे विद्युतगृह १५ मेगावॅटचे आहे आणि घाटघरचे २५० मेगावॅटचे, यामागील एक कारण हे आहे. कोकणचा उभा कडा ही येथील लोकांना दळणवळणातील अडचण वाटत आली. विजेच्या साठवणीसाठी तोच कडा भांडवल ठरतो.

दोन्ही संच सहा तास पूर्ण क्षमतेने चालले, तर १५ लाख युनिटे वीज मिळते. दिवसाला तीन युनिटे वापरणाऱ्या पाच लाख घरांची ती एका दिवसाची गरज आहे. परंतु उदंचन प्रकल्प नवी वीज निर्माण करीत नाही, ती केवळ एका वेळेकडून दुसऱ्या वेळेकडे नेतो. चढविताना व उतरविताना होणारी घट धरता, १५ लाख युनिटे परत मिळविण्यास सुमारे २० लाख युनिटे खर्ची पडतात.

यातूनच सर्वांत महत्त्वाचा मुद्दा निघतो. घाटघरची आखणी झाली तेव्हा रात्री औष्णिक केंद्रांची वीज शिल्लक राहत असे. त्या विजेवर रात्री पाणी चढवावे, अशी कल्पना होती. त्या पद्धतीने १५ लाख युनिटांसाठी वर दिलेल्या प्रमाणाने सुमारे अकराशे टनांऐवजी सुमारे पंधराशे टन कोळसा जाळावा लागेल. म्हणजे मागणीची वेळ साधली जाईल, पण कोळसा कमी होण्याऐवजी वाढेल. तेच पाणी दुपारच्या सौर विजेवर चढविले, तर सायंकाळची वीज कोळशाविना मिळेल. प्रकल्प तोच, धरण तेच, संचही तेच. पंप कोणत्या वेळी चालतात यावर त्याची गुणवत्ता ठरते. म्हणून साठवणुकीची क्षमता आणि सौर निर्मिती यांची वाढ जोडीने व्हावी लागते. एक पुढे व दुसरी मागे राहिली, तर दोहोंचा लाभ घटतो.

राज्य शासनाने २०२३ मध्ये उदंचन प्रकल्पांसाठी स्वतंत्र धोरण स्वीकारले. सह्याद्रीच्या कडेने अनेक स्थळांचा विचार चालू असून, त्यांत पुणे व ठाणे जिल्ह्यांच्या सीमेवरील माळशेज घाटाचा आणि नाशिक व ठाणे जिल्ह्यांना लागून असलेल्या भावली येथील १,५०० मेगावॅटच्या प्रकल्पाचा समावेश आहे. मुरबाड व शहापूर हे दोन्ही तालुके अशा प्रकारे राज्याच्या भावी साठवण व्यवस्थेच्या मध्यभागी येतात.

पावसाळ्याचा प्रश्न

दुसरी अडचण अधिक कठीण आहे. उदंचन जलाशय सहा-आठ तासांची व विद्युतघट दोन-चार तासांची साठवण करू शकतात. ढगाळ पंधरवड्याची उणीव त्यांच्याने भरून निघत नाही. त्यासाठी एकच साधन पुरत नाही, अनेक साधने एकत्र आणावी लागतात.

सुदैवाने निसर्गाची थोडी साथ आहे. सूर्य मंदावतो त्याच महिन्यांत सातारा, सांगली व धुळे जिल्ह्यांतील पठारांवर वाऱ्याचा जोर सर्वाधिक असतो. पावसाळ्यात शेतीपंपांची मागणीही उतरते. १,९६० मेगावॅटची कोयना, वैतरणा खोऱ्यातील ६० मेगावॅटचे केंद्र आणि टाटांची खोपोली, भिवपुरी व भिरा येथील १९१५ ते १९२७ दरम्यानची जुनी विद्युतगृहे मागणीनुसार चटकन चालू व बंद करता येतात. त्यांचे पाणी मर्यादित असल्याने ते रोज समप्रमाणात न वापरता कठीण तासांसाठी राखून ठेवणे श्रेयस्कर ठरते. तारापूर येथील अणुविद्युत केंद्र १९६९ पासून ऋतूंवर अवलंबून नसलेली वीज देत आले आहे. तेथील नंतरचे दोन संच प्रत्येकी ५४० मेगावॅटचे आहेत. इतके करूनही वर्षातील काही दिवस उरतात. त्या दिवसांसाठी काही औष्णिक संच पूर्णपणे मोडीत न काढता राखीव ठेवावे लागतील. कोळशाचा त्याग याचा अर्थ सर्व केंद्रांना एका दिवशी टाळे लावणे असा नसून, प्रथम रोजच्या वापरातून, नंतर हंगामी वापरातून आणि शेवटी राखीव यादीतून त्यांना दूर करणे, असा आहे.

यासोबत मागणीची वेळही बदलता येते. केंद्र शासनाच्या २०२३ च्या नियमांनुसार स्मार्ट मीटर असलेल्या ग्राहकांना सूर्यप्रकाशाच्या तासांत स्वस्त दर देण्याची तरतूद झाली आहे. मोठ्या औद्योगिक व व्यापारी ग्राहकांसाठी एप्रिल २०२४ पासून आणि शेती वगळता इतरांसाठी एप्रिल २०२५ पासून ती लागू करावयाची होती. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्याने आपले जड काम दुपारी आणले, किंवा ग्रामपंचायतीने पाण्याची टाकी पहाटेऐवजी दुपारी भरली, तर तितकी वीज साठविण्याची गरजच उरत नाही. टाकीत चढलेले पाणी हीसुद्धा एक प्रकारची साठविलेली वीजच होय.

शेवटच्या रोहित्रापर्यंत

तिसरी अडचण वाहिनीची. डोळखांब, किन्हवली, खर्डी, टोकावडे या भागांतील पाड्यांच्या दृष्टीने वीज कोळशाची की उन्हाची, हा प्रश्न दुय्यम आहे. पहिल्या वळवाच्या पावसात झाडाची फांदी तारेवर पडून खंडित झालेला पुरवठा केव्हा सुरू होईल, हा त्यांचा प्रश्न असतो. वने, दऱ्या आणि विखुरलेल्या वस्त्या यांमुळे येथील ११ किलोव्होल्टच्या वाहिन्या लांब आहेत व दोष शोधण्यास वेळ लागतो. राज्यात वीज मुबलक असूनही वाडीत अंधार असू शकतो. यास्तव दीर्घकालीन नियोजनात मोठ्या प्रकल्पांबरोबर उपकेंद्रांची संख्या, वाहिन्यांची पर्यायी जोडणी, आवश्यक तेथे आच्छादित तारा आणि पावसाळ्यापूर्वीची छाटणी यांना बरोबरीचे स्थान असणे जरूर आहे.

स्थानिक निर्मितीचा उपयोग येथे होतो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा हाती घेण्यात आला. गावाजवळच्या उपकेंद्राला लहान सौर प्रकल्प जोडून शेतीपंपांना दिवसा वीज द्यावी, असा तिचा हेतू आहे. जमीन देणाऱ्यास हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये भाडे व त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ, तसेच संबंधित ग्रामपंचायतीस तीन वर्षे प्रतिवर्षी पाच लाख रुपये अनुदान, अशी तरतूद आहे. एका मेगावॅटला चार-पाच एकर सपाट जमीन लागते. विदर्भ-मराठवाड्यात ती सहज मिळते. वनजमीन व भातखाचरांच्या या प्रदेशात ती शोधावी लागते. भातशेतीवर पट्ट्या उभारण्यापेक्षा वरकस माळ, सार्वजनिक इमारतींची छते आणि औद्योगिक वसाहतीतील शेड यांना येथे प्राधान्य देणे उचित होईल.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत घरगुती छतासाठी एका किलोवॅटला ३० हजार, दोन किलोवॅटला ६० हजार आणि तीन किलोवॅट व त्यापुढे ७८ हजार रुपये अनुदान मिळते. बसविलेल्या प्रत्येक संचामागे स्थानिक संस्थेलाही एक हजार रुपये प्रोत्साहन आहे. मात्र गवताच्या वा जुन्या कौलांच्या छपरावर असा संच बसत नाही. कातकरी व ठाकूर पाड्यांतील अनेक घरे अशीच आहेत. त्यांच्यासाठी शाळेच्या किंवा समाजमंदिराच्या छतावर सामाईक संच हा मार्ग उरतो. सातारा जिल्ह्यातील मान्याचीवाडी या शंभराच्या आसपास घरांच्या गावाने २०२४ मध्ये संपूर्ण सौर ग्राम होऊन दाखविले. लहान गाव एकत्र येऊन ठरविते तेव्हा काम शक्य होते, हे त्यातून दिसते. प्राथमिक आरोग्य केंद्रात मात्र सौर संचासोबत विद्युतघटाची जोड हवीच. लस थंड ठेवणारे शीतपेटीचे उपकरण आणि प्रसूतिकक्षातील दिवा ढग विरळ होण्याची वाट पाहू शकत नाहीत.

लाभ कोणाचा, भार कोणावर

शहापूर तालुक्यात मोठमोठे जलाशय असूनही त्यांच्या आसपासच्या अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरने पाणी पुरवावे लागते. पाणी गेले, पण पाण्याच्या बाजूची वस्ती तहानलेली राहिली. विजेच्या बाबतीत हाच अनुभव पुन्हा येऊ नये, हा या सर्व नियोजनातील कसोटीचा मुद्दा आहे. कोळशाचा धूर नसणे एवढ्याने एखादा प्रकल्प निर्दोष ठरत नाही. उदंचन प्रकल्पालाही धरणाखाली जमीन, रस्त्यासाठी वन आणि मनोऱ्यांसाठी शेत लागते.

यासंबंधी कायद्याने ग्रामसभांना निश्चित स्थान दिले आहे. शहापूर तालुका संपूर्ण आणि मुरबाड तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. १९९६ च्या पेसा कायद्यानुसार अशा क्षेत्रात विकास प्रकल्पांसाठी भूसंपादन करण्यापूर्वी व बाधितांचे पुनर्वसन करण्यापूर्वी ग्रामसभेशी अथवा योग्य स्तरावरील पंचायतीशी विचारविनिमय करणे बंधनकारक आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याची बाजू दुहेरी आहे. वनजमिनीवरील हक्क निश्चित करण्याची प्रक्रिया ग्रामसभेपासून सुरू होते. दुसरीकडे, त्याच कायद्याच्या कलम ३(२) नुसार ग्रामसभेची शिफारस असल्यास गावाच्या सोयींसाठी प्रत्येक कामी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. मात्र त्यात हेक्टरी ७५ हून अधिक झाडे तोडावी लागू नयेत. या सोयींच्या यादीत विद्युतवाहिन्या आणि अपारंपरिक ऊर्जा साधने या दोहोंचा उल्लेख आहे. वनजमिनीमुळे तार थांबली आहे, असे ज्या पाड्यांत सांगितले जाते तेथील पंचायत सदस्यांनी या तरतुदीचा आधार घ्यावा.

परवानग्यांचा क्रम चुकला, तर काय होते याचे उदाहरण मुरबाड तालुक्यातच आहे. काळू धरणाचे काम २०११ मध्ये सुरू झाले आणि वनजमिनीच्या परवानगीच्या प्रश्नावरून २०१२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने थांबले. ग्रामसभेला प्रथम विश्वासात घेण्याने वेळ जातो, हा समज अपुरा आहे. ते टाळल्याने बहुधा अधिक वेळ जातो.

यास्तव कोणताही ऊर्जा प्रकल्प ग्रामसभेपुढे आला असता काही प्रश्न लेखी विचारले जावेत आणि त्यांची उत्तरे ठरावात नोंदली जावीत. जलाशय प्रथम भरण्यास लागणारे पाणी कोणत्या नदीचे व कोणत्या महिन्यांत घेतले जाणार? त्याच साठ्यातून लगतच्या पाड्यांना पिण्याचे पाणी मिळणार काय? पंप दिवसा कोणत्या विजेवर चालणार? बांधकामाच्या पाच-सहा वर्षांनंतर स्थानिक तरुणांना कोणते काम राहणार आणि त्याचे शिक्षण शहापूर वा मुरबाड येथील औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत आधीच सुरू होणार काय? प्रकल्पाबरोबर गावाची वाहिनी व उपकेंद्र सुधारणार काय? हे प्रश्न प्रकल्पाला विरोध करणारे नव्हेत. प्रकल्प टिकाऊ करणारे आहेत. असाच विचार विदर्भातील कोळसा केंद्रांभोवतालच्या गावांसाठीही आवश्यक आहे. तेथील संच बंद होतील तेव्हा कंत्राटी कामगार, वाहनचालक व लहान दुकानदार यांच्या चरितार्थाची सोय आधी झालेली असली पाहिजे.

गावपातळीवरील आरंभ

राज्याच्या आराखड्याची वाट न पाहता प्रत्येक ग्रामपंचायतीस काही कामे तत्काळ हाती घेता येतील. गावातील प्रत्येक रोहित्राची क्षमता, त्यावरील घरे व पंप आणि मागील पावसाळ्यात पुरवठा किती वेळा व किती तास खंडित झाला, याची नोंदवही ठेवावी. अशी नोंद हाती असली, म्हणजे उपअभियंत्याकडे केलेल्या मागणीस वजन येते आणि वितरण कंपनीच्या आराखड्यातही खरी माहिती जाते. शाळा, अंगणवाडी, दवाखाना व पाणीपुरवठ्याचा पंप यांचा वीजवापर मोजून त्यांपैकी दिवसा चालणारी कामे प्रथम सौर विजेवर आणावी. मे महिन्यातील छाटणीचा कार्यक्रम ग्रामपंचायत, वन विभाग व महावितरण यांनी एकत्र बसून आखावा.

शिक्षकांना यात मोठे कार्य करता येण्यासारखे आहे. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी शाळेच्या मीटरचे वाचन रोज सकाळी व दुपारी नोंदवून वर्षाचा आलेख काढला, तर मागणी म्हणजे काय आणि ऋतूंबरोबर ती कशी बदलते, हे त्यांना पुस्तकापेक्षा अधिक स्पष्ट कळेल. चोंढ्याच्या जलाशयाचे पाणी दिवसातून चढते-उतरते का, याचे उत्तर देऊ शकणारा विद्यार्थी उद्या ग्रामसभेत बसेल, तेव्हा समोर आलेल्या प्रकल्पाचा कागद त्याला वाचता येईल. कोळशावरील वीज ज्या पिढीच्या हयातीत मागे पडावयाची आहे, ती पिढी आज याच तालुक्यांतील शाळांत शिकत आहे. तिला कोळशाविना प्रकाश मिळावा आणि त्या प्रकाशातील आपला न्याय्य वाटाही मिळावा, यासाठीच्या निर्णयांची वेळ मात्र आजच्या पंचायतींवर व अधिकाऱ्यांवर आलेली आहे.